जुन्या डिशवॉशरचे सुटे भाग: आयएनए ते काश्मिरी गेट

लक्ष्मीबाई नगरासारख्या केंद्र सरकारी वसाहतीत जुनं डिशवॉशर येतं ते बहुधा परदेशातली नेमणूक संपवून परतलेल्या कुणाच्या तरी सामानातून. जर्मनीत, ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत घेतलेलं यंत्र पेटीबंद होऊन दिल्लीला येतं, काही वर्षं चालतं, आणि एके दिवशी त्याच्या तळाशी पाणी साचून राहतं. चाणक्यपुरी जवळ असल्यामुळे दूतावासांतल्या मंडळींनी बदलीच्या वेळी विकलेली यंत्रंही या भागात येऊन पोचतात. त्यांतली बरीचशी पुढे बाल्कनीत उभी राहतात, वर कुंड्या चढतात, आणि शेवटी भंगारवाला ती वजनावर घेऊन जातो.

दुरुस्तीवाल्याकडे चौकशी केली की ठरलेलं उत्तर मिळतं: मॉडेल बंद झालं, पार्ट येत नाही. कंपनीच्या नावाने मागितला तर तो खरोखरच येत नाही. पण त्या पत्र्याच्या पेटीतल्या कितीतरी वस्तू कंपनीने स्वतः कधी बनवलेल्याच नसतात. व्हॉल्व्ह इटलीतल्या एल्बीसारख्या कारखान्याचा असतो, निचऱ्याचा पंप आस्कोलचा, टायमर फ्रान्सच्या क्रूझेचा, आणि बेअरिंग तर जगभर एकाच मापाचं. डिशवॉशरवर नाव असलेली कंपनी हे सगळं विकत घेऊन जोडते. म्हणून शोध यंत्राच्या नावाने न घेता वस्तूच्या मापाने आणि तिच्या कामाने घ्यायचा. असा शोध घ्यायला दिल्लीइतकं सोयीचं शहर दुसरं नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी यंत्र काय करतं ते क्रमाने पाहू, कारण बिघाड कुठे आहे हे त्या क्रमावरूनच कळतं. दार लावलं की कडीतला मायक्रोस्विच दाबला जातो. तो दाबल्याशिवाय पुढचं काहीच घडत नाही. मग इनलेट व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी आत येतं. युरोपीय यंत्रात ते आधी रेझिनच्या डब्यातून जातं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम रेझिन धरून ठेवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. डब्यात घातलेलं मीठ हे रेझिन पुन्हा ताजं करण्यासाठी असतं. ठरावीक पाणी भरलं की प्रेशर स्विच किंवा फ्लोट व्हॉल्व्हला थांबवतो. तळाच्या खळग्यातून, म्हणजे संपमधून, मोठा पंप पाणी उचलून वरच्या आणि खालच्या स्प्रे आर्ममध्ये ढकलतो. या आर्मना मोटार नसते. त्यांची काही भोकं तिरपी असतात, पाणी एका बाजूला उडतं आणि आर्म उलट्या बाजूला फिरतो. तेच पाणी गाळणीतून खाली येऊन पुन्हा वर जातं आणि हीटर ते तापवत राहतो. टायमर ठरल्या वेळी साबणाचा कप्पा उघडतो. शेवटी छोटा पंप घाण पाणी बाहेर टाकतो, नवं पाणी येऊन भांडी खळबळली जातात आणि उष्णतेने वाळतात. बारीकसारीक फरक सोडले तर अर्ध्या शतकापूर्वीच्या यंत्रापासून आजच्यापर्यंत हाच क्रम चालत आला आहे.

तेव्हा यंत्र कुठल्या पायरीवर अडतं ते नीट पाहावं आणि त्याच पायरीचा भाग तपासावा. पण एक गोष्ट त्याच्याही आधी येते. पुष्कळदा भाग चांगला असतो आणि दोष बाहेरचा असतो.

पाण्याच्या दाबाचं उदाहरण घ्या. इनलेट व्हॉल्व्हमधली वीज फक्त एक बारीक छिद्र उघडते; मोठा रबरी पडदा उचलायचं काम पाण्याच्या दाबानेच होतं. त्यासाठी साधारण ०.३ ते ०.५ बार दाब लागतो. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे १ बार असतो, म्हणजे ०.५ बारसाठी टाकीतलं पाणी नळाच्या ५ मीटर वर हवं. तळमजल्यावर हे सहज जमतं. सर्वांत वरच्या मजल्यावर टाकी जेमतेम डोक्यावर असते आणि तिथे व्हॉल्व्ह धडपणे उघडत नाही किंवा उघडला तर नीट मिटत नाही. अशा घरात लोक व्हॉल्व्हमागून व्हॉल्व्ह बदलत बसतात. खरा इलाज छोटा बूस्टर पंप हा आहे. दाब पुरेसा आहे का हे बघायला नळाचं पाणी बादलीत सोडून वेळ मोजू नये, त्यातून प्रवाह कळतो, दाब कळत नाही. टाकीतल्या पाण्यापासून नळापर्यंतची उंची मोजावी.

हीटरचंही तसंच. वर्षानुवर्षं बंद पडलेलं यंत्र सुरू केलं की घरातला आरसीसीबी, म्हणजे वीज झिरपली की पुरवठा तोडणारा स्विच, पडतो आणि हीटर गेला असा निष्कर्ष काढला जातो. हीटरच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ही पूड हवेतला ओलावा ओढून घेते आणि त्या ओलाव्यातून थोडी वीज पत्र्याकडे झिरपते. हीटर सोडवून मंद उष्णतेवर काही तास वाळवला आणि टोकं पुन्हा बंद केली की तो बहुतेक वेळा पूर्ववत होतो. इलेक्ट्रिशियनकडे ५०० व्होल्टचा मेगर असतो. त्यावर तार आणि नळीच्या पत्र्यामधला रोध एक-दोन मेगओहमच्या चांगला वर दिसला की हीटर पुन्हा बसवायला हरकत नाही.

सरकारी घरात भिंत फोडून नवी पाइपलाइन टाकण्याचं स्वातंत्र्य नसतं, हेही लक्षात ठेवावं. वॉशिंग मशीनच्या नळाला दुहेरी कॉक लावला की काम भागतं, कारण युरोपीय डिशवॉशरची नळीही त्याच पाऊण इंची आट्यांची असते. १६ अँपिअरचा पॉवर प्लग आणि त्याचं अर्थिंग मात्र आधी तपासून घ्यावं. सीपीडब्ल्यूडीच्या एन्क्वायरीत तक्रार नोंदवली की वसाहतीचा इलेक्ट्रिशियन येऊन प्लग बघतो. यंत्राला मात्र तो हात लावणार नाही.

आता नेमप्लेट. ती दाराच्या कडेवर किंवा दार उघडल्यावर टबच्या काठावर असते. तिचा स्वच्छ फोटो काढून ठेवावा आणि त्यावरचा प्रत्येक आकडा वहीत उतरवावा. बॉश, सीमेन्स आणि नेफ या तिन्ही नावांच्या यंत्रांवर ई-एनआर हा मॉडेल क्रमांक असतो आणि शेजारी एफडी म्हणून चार आकडे असतात. एफडीच्या पहिल्या दोन आकड्यांत २० मिळवले की उत्पादनाचं वर्ष मिळतं, पुढचे दोन महिन्याचे. एफडी ७८०९ म्हणजे सप्टेंबर १९९८. एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात पंप बदललेला असू शकतो, म्हणून ही तारीख मॉडेलइतकीच महत्त्वाची.

नावामागचा कारखाना ओळखणं हा या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे. बॉश आणि सीमेन्स यांनी १९६७ मध्ये घरगुती यंत्रांसाठी एकत्र कंपनी काढली, त्यामुळे सीमेन्सचा संप बॉशला बसणं नवलाचं नाही. इलेक्ट्रोलक्सने १९८४ मध्ये झानुसी घेतली आणि १९९४ मध्ये एईजीची घरगुती यंत्रं. तेव्हापासून या तिघांचे भाग एकमेकांत मिसळत गेले. अमेरिकेतल्या सीअर्सच्या केनमोर यंत्रांवर मॉडेल क्रमांक ६६५ ने सुरू होत असेल तर यंत्र व्हर्लपूलने बनवलेलं असतं. किचनएडची गोष्ट तर डिशवॉशरच्या उगमापर्यंत जाते. इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिलच्या जोसेफिन कॉक्रेन यांना २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात ते यंत्र मांडलं गेलं. त्यांची कंपनी पुढे १९२६ मध्ये होबार्टने घेतली, होबार्टने १९४९ मध्ये किचनएड नावाने घरगुती डिशवॉशर आणलं, आणि १९८६ मध्ये किचनएड व्हर्लपूलकडे गेलं. म्हणून १९८६ पूर्वीच्या किचनएडचा भाग शोधताना होबार्टचं नाव घेऊन शोधायचं, व्हर्लपूलचं नव्हे.

यंत्र उघडण्यापूर्वी प्लग काढायचा, नळ बंद करायचा, आणि मोटारीच्या कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याची दोन टोकं एखाद्या बल्बमधून जोडून साठलेली वीज उतरवायची. १९८० च्या आधीच्या यंत्रात हा कपॅसिटर तेलाचा असेल तर त्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असण्याची शक्यता असते. तो फुगलेला किंवा गळका दिसला तर उघड्या हाताने धरू नये आणि ओल्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये.

उघडताना प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधावी. काढलेला भाग, कितीही मोडका असला तरी, नवा भाग महिनाभर चालेपर्यंत सांभाळावा. बाजारात तोच तुमचा नमुना असतो.

बाजार लक्ष्मीबाई नगराच्या दृष्टीने एका रेषेत आहेत. घराजवळचं पहिलं ठिकाण कोटला मुबारकपूर: नट-बोल्ट, होज क्लिप, पाऊण इंची नळ्या, कॉक, सिलिकॉन सीलंट हे सगळं तिथल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळतं, त्यासाठी लांब जाऊ नये. बाकीच्यासाठी आयएनए स्थानकावरून मेट्रोची यलो लाइन धरायची. नवी दिल्ली, चावडी बाजार, चांदनी चौक आणि काश्मिरी गेट ही चार स्थानकं ओळीने येतात आणि चारही आपल्या कामाची आहेत. नवी दिल्ली स्थानकाच्या अजमेरी गेटच्या बाजूला उतरलं की श्रद्धानंद मार्ग, ज्याला अजूनही सगळे जी. बी. रोड म्हणतात, तिथे पंप, मोटारी, बेअरिंग आणि यंत्रसामग्रीची दुकानं आहेत. चावडी बाजारात पितळी फिटिंग आणि हार्डवेअर. चांदनी चौकात लाल किल्ल्यासमोर भागीरथ पॅलेसमध्ये विजेचा सगळा माल आणि लाजपतराय मार्केटमध्ये इलेक्ट्रॉनिक्स. काश्मिरी गेटला मोटारगाड्यांच्या सुट्या भागांचा घाऊक बाजार, म्हणजे आपल्यासाठी ऑइल सील आणि ओ-रिंग. हे बाजार रविवारी बहुतांशी बंद असतात. केंद्र सरकारच्या कार्यालयांचा आठवडा पाच दिवसांचा आहे, तेव्हा वसाहतीतल्या माणसाने शनिवार सकाळ या कामाला ठेवावी.

दुकानात जाताना "डिशवॉशरचा पार्ट आहे का?" असं विचारलं की मान नकारार्थी हलते. "१२ मिलिमीटर शाफ्टचं मेकॅनिकल सील दाखवा" म्हटलं की ड्रॉवर उघडतो. म्हणून व्हर्नियर कॅलिपर बरोबर असू द्यावा. साधा स्टीलचा पुरेसा आहे.

मोठ्या पंपाकडे जरा थांबून पाहू, कारण जुन्या यंत्राचा जीव तिथेच असतो आणि बहुतेक दुखणीही तिथलीच असतात. यंत्र गुरगुरतं पण पाणी उडत नाही, याची कारणं तीन. पहिलं, शाफ्ट क्षाराने जाम झाला आहे. प्लग काढून मोटारीच्या मागच्या टोकाला हाताने फिरवून पाहावं. हलत नसेल तर सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी संपमध्ये रात्रभर ठेवावं. जोर लावून फिरवलं तर सीलची सिरॅमिक चकती तडकते. दुसरं कारण कपॅसिटर. त्यावर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो. तोच आकडा घ्यायचा, पाच टक्क्यांच्या फरकाने चालेल. व्होल्टचा आकडा मूळच्या इतका किंवा जास्त हवा, कमी नको. छताच्या पंख्याचे २.५, ३.१५ आणि ४ मायक्रोफॅरडचे ४४० व्होल्टचे कपॅसिटर गल्लोगल्ली मिळतात. दुकानदार त्याला कंडेन्सर म्हणेल. कितीतरी यंत्रं एवढ्यावरच उठून बसतात.

तिसरं कारण सील आणि बेअरिंग. पंपाच्या शाफ्टवर कार्बनची एक कडी आणि सिरॅमिकची एक कडी स्प्रिंगने एकमेकींवर दाबलेली असते. त्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागांमधून पाणी बाहेर पडत नाही. कडी झिजली की थेंब थेंब पाणी मोटारीकडे उतरतं, बेअरिंग गंजतं, आणि आवाज येऊ लागतो. म्हणजे बेअरिंगचा आवाज आला तर दोष सीलचा धरावा आणि दोन्ही एकदम बदलावीत. नुसतं बेअरिंग बदललं तर तेही काही महिन्यांत जाईल. टिल्लू पंपाची दुरुस्ती करणाऱ्याकडे याच जातीची सीलं असतात. तीन मापं लागतात: शाफ्टची जाडी, सिरॅमिक कडी बसते त्या खाचेचा व्यास, आणि स्प्रिंग दाबल्यावर उरणारी लांबी. तिसरं माप लोक विसरतात. सील थोडं लांब असलं तर मोटारीवर ताण येतो, आखूड असलं तर गळतं. नव्या सीलच्या घासणाऱ्या तोंडांना बोट लावू नये, तेलकट डागसुद्धा गळतीला पुरतो.

बेअरिंगचा नंबर त्याच्या कडेवर कोरलेला असतो आणि तो जगभर एकच अर्थ सांगतो. ६०८ म्हणजे आतला व्यास ८, बाहेरचा २२ आणि जाडी ७ मिलिमीटर. ६२०१ म्हणजे १२, ३२ आणि १०. ६२०२ म्हणजे १५, ३५ आणि ११. नंबरपुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असतात, २आरएस असेल तर रबराची. पाण्याजवळच्या जागी रबरवालं घ्यावं. १९७५ च्या जर्मन मोटारीतलं बेअरिंग आज जी. बी. रोडवर तयार मिळतं ते या एका नंबरामुळे. मोटारीची तारच जळाली असेल तरी निराश व्हायचं कारण नाही. रिवाइंडिंग करणारे कारागीर छोट्या मोटारी अजूनही हाताने गुंडाळतात. पंप नवा आणायचा म्हणून परदेशातून मागवण्याआधी जुना गुंडाळून घ्यावा, असा माझा आग्रह राहील.

निचऱ्याचा छोटा पंप याउलट दुरुस्त करू नये, बदलावा. तो साधारण ३० वॉटचा, चुंबकी रोटरचा असतो आणि वॉशिंग मशीनच्या पंपांशी त्याची अनेकदा अदलाबदल होते. मागचं मोटारीचं डोकं सारखं असलं आणि जोडणीचे दाते जुळले की पुढचं प्लॅस्टिकचं घर जुनंच वापरता येतं. इनलेट व्हॉल्व्हचंही तसंच. त्याच्या कॉइलचा रोध साधारण ३ ते ५ हजार ओहम येतो. मल्टिमीटरने अनंत दाखवलं तर कॉइल तुटली. एका कॉइलचा, पाऊण इंची आट्यांचा, २३० व्होल्टचा व्हॉल्व्ह वॉशिंग मशीनच्या दुकानात मिळतो. नळीचं तोंड सरळ आहे की काटकोनात, एवढं पाहून घ्यावं.

रबराला मात्र माप पुरेसं नाही, जात विचारावी लागते. दुकानातली साधी काळी ओ-रिंग बहुधा नायट्राइलची असते. ती तेल सोसते, पण गरम पाण्यात आणि क्षारयुक्त साबणात लवकर कडक होते. ईपीडीएम रबर गरम पाणी आणि क्षार उत्तम सोसतं, पण खनिज तेलात फुगतं. म्हणून ईपीडीएमच्या रिंगेला व्हॅसलीन किंवा ग्रीस लावणं म्हणजे ती स्वतःच्या हाताने खराब करणं; लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस लावावं. ओ-रिंग मोजताना आतला व्यास आणि दोरीची जाडी सांगायची. व्यास जुन्या रिंगेचा घेऊ नये, ती ताणलेली असते; जिथे ती बसते ती खाच मोजावी.

दाराचं गॅस्केट हा रबरातला अवघड भाग. ते टबच्या तीन बाजूंनी खाचेत दाबून बसवलेलं असतं आणि खालच्या काठाला वेगळी पट्टी असते. खराब गॅस्केटचा दोन सेंटिमीटरचा तुकडा धारदार पात्याने सरळ कापावा, म्हणजे त्याचा छेद स्वच्छ दिसतो. रबरी पट्ट्या विकणाऱ्याला तो छेद दाखवायचा. खाचेत शिरणारी मुळी जुळली पाहिजे. बाहेरचा ओठ थोडा वेगळा असला तरी दाराखाली दबतो. गॅस्केट नुसतं कडक झालं असेल, फाटलं नसेल, तर ते काढून गरम पाण्यात भिजवून टोकं उलटी करून बसवलं तरी पुष्कळदा गळती थांबते, कारण दाबाची जागा बदलते.

हीटर खरोखर तुटला असेल तर तो बनवून घेता येतो. नळीच्या आकाराचे हीटर ऑर्डरप्रमाणे वाकवून देणारे कारागीर दिल्लीत आहेत. भागीरथ पॅलेसमध्ये चौकशी केली की पत्ता मिळतो. त्यांना तीन गोष्टी द्याव्या लागतात: जुना हीटर नमुन्याला, वॉट, आणि बाहेरच्या नळीचा धातू. गणित सोपं आहे. व्होल्टचा वर्ग भागिले वॉट म्हणजे ओहम. २३० व्होल्टवर २००० वॉटच्या हीटरचा रोध सुमारे २६.५ ओहम यायला हवा. नवा हीटर हातात पडल्यावर दुकानातच मल्टिमीटर लावून बघावा.

इथे अमेरिकन यंत्रांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण दिल्लीत ती बरीच दिसतात आणि त्यांच्यावरच सर्वाधिक पैसे वाया जातात. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपली २३० आणि ५०. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ५० हर्ट्झवर इंडक्शन मोटार पाच-षष्ठांश वेगाने फिरते. पंपाचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे घटतो, म्हणजे मूळच्या ६९ टक्के उरतो. वरच्या आर्मला पाणी कमी पोचतं आणि भांडी कळकट राहतात. टायमरची मोटारही विजेच्या आवर्तनांवर चालते, त्यामुळे ६० मिनिटांचं काम ७२ मिनिटांत होतं. शिवाय १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी केलेल्या मोटारीला ५० हर्ट्झवर १०० व्होल्टच द्यायला हवेत, नाहीतर तिचं लोखंड चुंबकत्वाने तुडुंब होऊन तापतं. १०० व्होल्ट दिले तर हीटरची ताकदही ६९ टक्क्यांवर येते. त्यात अमेरिकन यंत्र सुमारे ४९ अंश सेल्सियसचं गरम पाणी नळातूनच मिळेल असं धरून बनवलेलं असतं. गीझरला जोडलं, १०० ते ११० व्होल्टचा पुरेशा क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर लावला, तर ते चालतं. पण मोटार जळालेलं अमेरिकन यंत्र उभं करण्यात मला अर्थ दिसत नाही. त्याच कष्टात एखादं ब्रिटिश किंवा जर्मन यंत्र दहा वर्षं चालेल.

उरले ते खास त्या यंत्राचेच भाग: टायमर, स्प्रे आर्म, साबणाचा कप्पा, टोपल्या. इथे बाजार थोडा कमी पडतो.

टायमर फेकण्याआधी त्याचे दोन भाग वेगळे समजून घ्यावेत. एक छोटी मोटार, आणि तिने हळूहळू फिरणारे खाचांचे चक्र, जे एकेक संपर्क उघडत-मिटत जातं. मोटार गेली असेल तर बहुतेक टायमरांतून ती वेगळी सुटते आणि त्याच वेगाची दुसरी लावता येते. संपर्क काळे पडले असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसावेत, सँडपेपर लावू नये. वरचा चांदीचा मुलामा निघून जातो. चक्राचे दाते तुटले तर मात्र दुसऱ्या यंत्राचाच टायमर हवा. काही जण त्याजागी मायक्रोकंट्रोलरचं सर्किट बसवतात. यंत्र चालतं, यात शंका नाही, पण पुढच्या दुरुस्तीला त्या सर्किटाचा कर्ता शोधावा लागतो, म्हणून मी तो मार्ग शेवटचा मानतो.

स्प्रे आर्मची भोकं क्षाराने बुजली असतील तर लाकडी काडी आणि सायट्रिक ॲसिड वापरावं. ड्रिल लावला तर भोक मोठं होतं, दाब पडतो आणि आर्म फिरत नाही. थ्री-डी प्रिंटिंगने आर्म बनवता येतो, पण नेहमीचं पीएलए प्लॅस्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि डिशवॉशरचं पाणी तिथवर जातं. एबीएस किंवा नायलॉन मागावं. टोपल्यांच्या तारांवर पीव्हीसीचा किंवा नायलॉनचा लेप असतो. त्यांतलं नायलॉन ११ एरंडेल तेलापासून बनतं, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. लेप फुटून तार गंजली की गंज भांड्यांवर आणि पंपात जातो. एक-दोन टोकं असतील तर घासून रबरी टोप्या घालाव्यात. सगळी टोपली गेली असेल तर कीर्तिनगरला मॉड्युलर किचनच्या स्टीलच्या टोपल्यांचं काम चालतं. ३०४ प्रतीच्या स्टीलमध्ये, जुन्या टोपलीच्या मापाने, चाकांची जागा अचूक धरून ती करून घ्यावी. ताटं-वाट्यांच्या मापाने दाते ठरवून घेण्याची संधीही त्यात मिळते, कारण परदेशी टोपली खोलगट वाटीचा विचार करून बनवलेली नसते.

सुटा भाग मिळेना तेव्हा त्याच कुळातलं पूर्ण बंद यंत्र विकत घेणं स्वस्त पडतं. बदलीवर निघालेल्या घरांकडे, दूतावासांच्या विक्रीत आणि मायापुरीच्या भंगार बाजारात लक्ष ठेवावं. मायापुरीत नेमप्लेट वाचूनच सौदा करावा. दिसायला सारखी दोन यंत्रं आतून निराळी निघतात. परदेशातून मागवायचं झालं तर टायमर, गॅस्केट, कप्पा अशा हलक्या वस्तूच मागवाव्यात. म्युनिकहून सुट्टीला येणाऱ्या भाच्याच्या बॅगेत त्या बसतात. मोटार कुरियरने मागवली तर वाहतूक आणि कस्टम मिळून तिच्या किमतीच्या वर जातात.

युरोपात १ मार्च २०२१ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे डिशवॉशर बाजारातून गेल्यावरही मोटार, पंप, हीटर यांसारखे भाग किमान ७ वर्षं दुरुस्ती करणाऱ्यांना, आणि गॅस्केट, बिजागऱ्या, स्प्रे आर्म, टोपल्या किमान १० वर्षं ग्राहकांनाही मिळाले पाहिजेत. जुन्या यंत्रांना याचा थेट लाभ नाही, पण त्याच कारखान्याची नवी यंत्रं जुनाच आराखडा पुढे चालवत असतील तर भाग जुळतात, म्हणून नव्या मॉडेलच्या भागांची चित्रंही चाळावीत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. भाग पुरवण्याची अशी कालमर्यादा कायद्यानेच घालून द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सगळं बसवून झाल्यावर लगेच भांडी भरू नयेत. रेझिन वर्षानुवर्षं कोरडं पडलं असेल तर त्यावर एकदम साधं पाणी सोडलं की दाणे फुगून तडकतात. आधी त्या डब्यात मिठाचं संपृक्त पाणी भरून काही तास ठेवावं, मग हळूहळू पातळ होऊ द्यावं. मीठ जाड आणि शुद्ध हवं. स्वयंपाकाच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड रेझिनच्या जाळ्या बुजवते. निचऱ्याची नळी जमिनीपासून ४० सेंटिमीटर तरी वर उचलून मग खाली सोडावी, नाहीतर भरतानाच पाणी ओढून निघून जातं. पुढचा खालचा पत्रा उघडाच ठेवून, यंत्राखाली वर्तमानपत्र पसरून, रिकाम्या यंत्राचा थंड पाण्याचा छोटा प्रोग्रॅम चालवावा. कागद कुठे ओला होतो ते पाहून तिथली क्लिप आवळावी. मग सायट्रिक ॲसिड घालून गरम पाण्याचा पूर्ण प्रोग्रॅम करावा. नवी रबरं पहिल्या काही गरम धुण्यांत बसतात, तेव्हा आठवड्याने सगळ्या क्लिपा पुन्हा एकदा आवळाव्यात आणि मगच पत्रा लावावा. भांड्यांमध्ये स्टील, काच आणि चिनी माती बिनधास्त घालावी. हिंडालियमची कढई, बिडाचा तवा आणि कल्हईची पितळी भांडी बाहेर ठेवावीत: डिशवॉशरचा साबण तीव्र क्षारयुक्त असतो, त्याने ॲल्युमिनियम काळं पडतं, तव्याचा मुरलेला तेलाचा थर निघून जातो आणि कल्हई उतरते.